मुंगळा नेमका कोणता, हे ओळखायचं कसं?

आज सकाळी सेमिनरी हिल्सवर एका बाभळीखाली बराच वेळ बसलो. खोडावरून मुंगळ्यांची रांग चढत होती. कोवळ्या फांदीवर मावा होता आणि एक मुंगळा मिशांनी त्याला हलकेच थोपटत होता. माव्याने गोड थेंब सोडला, याने लगेच टिपला!

आपल्या नागपूरचा हा नेहमीचा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. फॅब्रिशियसने १७८७ मध्ये त्याचं वर्णन केलं ते फॉर्मिका या प्रजातीत. कॅम्पोनोटस ही प्रजाती मायरने १८६१ मध्ये वेगळी केली.

भिंगातून बाजूने बघा. छाती आणि पोटाच्या मध्ये एकच गाठ, छातीची वरची कड सलग कमानीसारखी. पाठीवर काटे असतील तर तो बहुधा पॉलिरॅकिस. पोटावर सोनेरी रेशमी लव चमकली आणि छाती मागे पायरीसारखी तुटली, तर कॅम्पोनोटस सेरिसियस. फार देखणा असतो तो!

एकाच वारुळात लहान डोक्याचे आणि भल्यामोठ्या डोक्याचे, दोन्ही सापडतात. त्या दोन जाती नव्हेत, सख्ख्या बहिणी आहेत. हो, रांगेतले सगळे 'मुंगळे' माद्याच!

इंग्रजीत या प्रजातीला 'कार्पेंटर अँट' म्हणतात, पण म्हणून दारं-खिडक्यांची काळजी नको. कॉम्प्रेसस झाडाच्या बुडाशी मातीत घर करतो. फवारा मारू नका.

ओळख हवी असेल तर तीन फोटो काढा: बाजूने, वरून आणि चेहरा समोरून.