डेटाबेस प्रणाली बदलताना ‘अपडेट’ क्वेरीचे रूपांतर : एक अभ्यास

प्रस्तावना :

१९७० साली ई. एफ. कॉड यांनी माहितीसाठ्याचे रिलेशनल प्रतिमान मांडले. त्याच्या पायावर एसक्यूएल ही भाषा उभी राहिली आणि १९८६ साली ‘ॲन्सी’ या अमेरिकन मानक संस्थेने तिचे पहिले प्रमाणित रूप स्वीकारले. भाषा प्रमाणित झाली, तरी तिच्या बोली मात्र अनेक आहेत. प्रत्येक डेटाबेस प्रणालीने प्रमाण भाषेत स्वतःची भर घातलेली आहे. त्यामुळे संस्था जेव्हा एक प्रणाली सोडून दुसरी स्वीकारते, तेव्हा जुन्या क्वेरी नव्या बोलीत लिहाव्या लागतात. माहिती वाचणारी क्वेरी चुकली तर ती दुरुस्त करून पुन्हा चालवता येते; माहिती बदलणारी क्वेरी चुकली तर जुनी किंमतच पुसली जाते. म्हणून ‘अपडेट’ क्वेरीच्या रूपांतराचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

एक उदाहरण :

विवेचनाच्या सोयीसाठी असे समजू, की एका महाविद्यालयाच्या ‘निकाल’ या टेबलमध्ये ५०० विद्यार्थ्यांचे बैठक क्रमांक व गुण आहेत. ‘फेरतपासणी’ या दुसऱ्या टेबलमध्ये अर्ज केलेल्या २० विद्यार्थ्यांचे बैठक क्रमांक व नवे गुण आहेत. या २० जणांचे नवे गुण ‘निकाल’मध्ये नोंदवायचे आहेत. काम एकच; परंतु ते सांगण्याची रीत प्रणालीनुसार बदलते.

मांडणीतील फरक :

मायएसक्यूएल व मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस यांमध्ये ‘अपडेट’ या शब्दानंतर लगेच दोन्ही टेबले जोडली जातात आणि ‘सेट’ हा भाग त्यानंतर येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सेट’नंतर ‘फ्रॉम’ येतो आणि टेबलांची जोडणी तेथे लिहितात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही ‘फ्रॉम’ आहे. पण त्यात फक्त दुसरे टेबल लिहायचे असते व जोडणीची अट ‘व्हेअर’मध्ये द्यायची असते. ओरॅकलमध्ये २०२३ सालच्या आवृत्तीपूर्वी अशी सोय नव्हती. तेथे नवे गुण आणणारी उपक्वेरी ‘सेट’मध्ये लिहून, तीच अट ‘व्हेअर एक्झिस्ट्स’मध्ये पुन्हा द्यावी लागे. जुन्या आवृत्त्यांवर आजही हाच मार्ग घ्यावा लागतो.

अर्थातील फरक :

मांडणी चुकली तर प्रणाली त्रुटी दाखवते आणि काम थांबते. खरा धोका त्रुटी न दाखवता चुकीचे काम करणाऱ्या क्वेरीचा आहे. त्याचे पाच प्रकार येथे नोंदवता येतील.

१) ओरॅकलसाठी लिहिताना ‘व्हेअर एक्झिस्ट्स’ राहून गेले, तर अर्ज न केलेल्या ४८० विद्यार्थ्यांसाठी उपक्वेरीला काहीच सापडत नाही आणि त्यांचे गुण ‘नल’, म्हणजे रिकामे होतात. गुणांच्या स्तंभावर ‘नॉट नल’ हे बंधन असेल, तरच प्रणाली हे अडवते.

२) एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘अपडेट’नंतर टेबलाचे टोपणनाव लिहिण्याची रूढ पद्धत आहे. पोस्टग्रेएसक्यूएल ते नाव ओळखत नाही. म्हणून त्या जागी मूळ नाव लिहिले आणि ‘फ्रॉम’मधील जोडणी तशीच ठेवली, तर क्वेरी विनातक्रार चालते. मात्र ‘फ्रॉम’मधील ‘निकाल’ ही वेगळी प्रत समजली जाते, बदलायच्या टेबलाशी तिचा संबंध राहत नाही आणि पाचशेही विद्यार्थ्यांच्या नावे दुसऱ्याच कोणाचे तरी गुण नोंदले जातात.

३) एका विद्यार्थ्याची ‘फेरतपासणी’मध्ये चुकून दोनदा नोंद झाली असेल, तर ओरॅकलची उपक्वेरी त्रुटी देऊन थांबते. एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल मात्र दोहोंपैकी एक किंमत निमूटपणे घेतात. ती कोणती असेल याची शाश्वती नसते.

४) ‘मागील गुण’ या स्तंभात जुने गुण जपून ठेवायचे असतील, तर क्रमही महत्त्वाचा ठरतो. प्रमाण एसक्यूएलनुसार ‘सेट’च्या उजव्या बाजूस सर्वत्र जुन्याच किमती धरल्या जातात. मायएसक्यूएलमध्ये एका टेबलावरील ‘अपडेट’ डावीकडून उजवीकडे चालते. त्यामुळे गुण आधी बदलून नंतर ‘मागील गुण’ भरल्यास तेथेही नवेच गुण जातात.

५) किती ओळी बदलल्या, या आकड्यावरही विसंबता येत नाही. २० पैकी तिघांचे गुण फेरतपासणीत कायम राहिले असतील, तर अन्य प्रणाली २० सांगतात आणि मायएसक्यूएल मूळ मांडणीत १७ सांगते. येथे दोन्ही उत्तरे बरोबर आहेत; प्रश्न निराळे आहेत.

उपाययोजना :

प्रथम, ‘अपडेट’ची जोडणी ‘सिलेक्ट’मध्ये लिहून जुने व नवे गुण शेजारी शेजारी पाहावेत. दुसरे, ‘ग्रुप बाय’ व ‘हॅविंग’ वापरून दुहेरी नोंदी आधीच शोधाव्यात आणि बैठक क्रमांकावर ‘युनिक’ बंधन घालावे. तिसरे, क्वेरी प्रथम टेबलाच्या प्रतीवर चालवावी व ज्यांना हात लागायला नको होता अशा ४८० ओळी मूळ ओळींशी ताडून पाहाव्यात. चौथे, प्रत्यक्ष बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करावा. ओरॅकलमध्ये ‘कमिट’ केल्याशिवाय बदल कायम होत नाही. उर्वरित तीन प्रणालींमध्ये मात्र ट्रान्झॅक्शन स्वतःहून सुरू करावे लागते. मायएसक्यूएलच्या मायआयसॅम प्रकारच्या टेबलांवर तर बदल मागे घेताच येत नाही.

२००३ च्या प्रमाण आवृत्तीत आलेली ‘मर्ज’ आज्ञा ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि २०२२ सालापासून पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही उपलब्ध आहे. एकाच ओळीला दोन जुळण्या मिळाल्यास ती त्रुटी दाखवते. त्यामुळे ती अधिक सुरक्षित आहे; मात्र मायएसक्यूएलमध्ये ती नाही.

निष्कर्ष :

क्वेरीचे रूपांतर म्हणजे केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे. क्वेरी त्रुटीशिवाय चालली, एवढ्यावरून ती बरोबर आहे असे म्हणता येत नाही. कोणत्या ओळी बदलाव्यात, कोणत्या बदलू नयेत आणि एकाहून अधिक जुळण्या झाल्यास काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे क्वेरी लिहिण्यापूर्वी कागदावर मांडली पाहिजेत. वरील उदाहरणातील प्रत्येक ओळीमागे एक विद्यार्थी आहे आणि त्याच्या गुणपत्रिकेवर उमटणारी चूक प्रणालीची नव्हे, तर रूपांतर करणाऱ्याची असते, याची जाणीव संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातच करून देणे गरजेचे आहे.