जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील ब्रेक व शक्तिवहन यंत्रणेची सुधारणा : माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीचा अभ्यास

प्रस्तावना :

जपानच्या माझदा कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार सादर केली. हलके वजन, पुढे इंजिन व मागील चाकांना गती ही जुन्या ब्रिटिश रोडस्टर गाड्यांची परंपरा या मोटारीने पुनरुज्जीवित केली. १९९७ पर्यंत तिच्या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आज या गाड्यांनी पाव शतकाहून अधिक वय गाठले असले, तरी जपान, अमेरिका व युरोपात त्यांचा वापर सुरूच आहे. अनेक मालक इंजिनाची शक्ती वाढवितात आणि त्यानंतर ब्रेक व शक्तिवहन यंत्रणेच्या सुधारणेचा प्रश्न उभा राहतो. कोणता भाग, कोणत्या क्रमाने आणि का बदलावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. ब्रेकचे मूळ कार्य :

ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. १००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सुमारे ३८६ किलोज्यूल असते. २० अंश सेल्सिअस तापमानाचे एक लिटरहून अधिक पाणी उकळीस आणण्यास एवढी ऊर्जा पुरेशी आहे. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी १४० किलोमीटर वेगास ती जवळजवळ दुप्पट होते. घाट उतरताना वा शर्यतीच्या मार्गावर वारंवार ब्रेक लावल्यास उष्णता बाहेर पडण्यापूर्वीच नवी उष्णता निर्माण होते. पॅडचे घर्षण घटते आणि पायाखालचा ब्रेक निष्प्रभ होऊ लागतो.

मोठी डिस्क बसविल्याने थांबण्याचे अंतर आपोआप कमी होते, हा समज येथेच तपासून पाहिला पाहिजे. सुस्थितीतील मूळ ब्रेकही चाके जाम करू शकतात. म्हणजे एका थांब्याची अंतिम मर्यादा टायर व रस्ता यांच्यातील पकड ही होय. पकडीचा गुणांक ०.९ धरल्यास ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबण्यास किमान सुमारे ४४ मीटर लागतात. डिस्कचा व्यास या गणितात कोठेही येत नाही. मोठ्या डिस्कचा खरा लाभ उष्णता सामावून घेण्याच्या क्षमतेत आहे. पहिला थांबा आणि दहावा थांबा यांत फरक पडू नये, हे तिचे प्रयोजन आहे.

२. पुढील व मागील ब्रेकचा समतोल :

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो. एमएक्स-५ च्या दोन आसांतील अंतर २२६५ मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्याची उंची ४५० मिलिमीटर गृहीत धरल्यास जोरदार ब्रेकच्या वेळी एकूण भाराच्या सुमारे १८ टक्के भार मागून पुढे जातो. म्हणूनच पुढील ब्रेक अधिक शक्तिमान ठेवलेले असतात आणि मागील ब्रेकचा दाब एका झडपेद्वारे मर्यादित केला जातो. पुढील चाके आधी जाम झाल्यास गाडी वळत नाही, पण सरळ राहते. मागील चाके आधी जाम झाल्यास ती गिरकी घेते. दुसरा प्रकार अधिक घातक होय.

केवळ पुढे मोठे कॅलिपर बसविल्यास मागील टायरांची पकड वापरलीच जात नाही आणि थांबण्याचे अंतर प्रसंगी वाढते. शिवाय कॅलिपरमधील पिस्टनचे क्षेत्रफळ वाढल्यास अधिक द्रव ढकलावा लागून पेडल खोल जाते. म्हणून सुटा भाग निवडण्यापेक्षा पूर्ण संच निवडणे श्रेयस्कर ठरते. कंपनीने १९९४ च्या मॉडेलपासून १.६ लिटरच्या जागी १.८ लिटर इंजिन देताना पुढील डिस्क २३५ वरून २५५ मिलिमीटर व मागील डिस्क २३१ वरून २५१ मिलिमीटर केली. दोन्हीकडे जवळपास सारखीच वाढ असल्याने समतोल टिकून राहतो. हा संच जुन्या गाडीवर मुख्यतः डिस्क व कॅलिपरचे ब्रॅकेट बदलून बसविता येतो आणि मूळ १४ इंची चाकांत सामावतो.

३. स्वस्त परंतु दुर्लक्षित उपाय :

मोठ्या खर्चापूर्वी ब्रेक द्रवाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. हा द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट-४ श्रेणीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाण्याचे प्रमाण सुमारे ३.७ टक्के झाल्यावर त्याची किमान मर्यादा केवळ १५५ अंश राहते. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाशी जाते. नवी महागडी डिस्क व जुना द्रव हे संयोग म्हणूनच फसवे आहेत. जुन्या रबरी नळ्या, गंजलेल्या सरकपिना व झिजलेले पॅड यांची दुरुस्ती आधी व्हावी. शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट पकड घेतात. थंड सकाळी बाजारपेठेतून जाताना ते साध्या पॅडपेक्षाही कमी पडू शकतात.

४. शक्तिवहन यंत्रणा : साखळीतील दुर्बल कडी

इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल व अर्ध-आस या मार्गाने चाकांपर्यंत पोहोचते. १.६ लिटर इंजिनाचे कमाल पीळबल सुमारे १३६ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.१३६ असल्याने डिफरन्शियलपर्यंत ते सुमारे ४२६ होते, आणि तेथील ४.३ या गुणोत्तरामुळे चाकांकडे, घर्षणव्यय वगळता, सुमारे १८३० न्यूटन-मीटर जाते. टर्बोचार्जर बसवून इंजिनाचे पीळबल निम्म्याने वाढविल्यास या प्रत्येक टप्प्यावरील भार त्याच प्रमाणात वाढतो. क्लच बळकट केला की तो घसरत नाही. मात्र तोवर घसरणीत विरणारा आघात पुढील भागाकडे जातो. १.६ लिटर गाडीत ही दुर्बल कडी बहुधा सहा इंची चक्राच्या डिफरन्शियलमध्ये आढळते.

१९९४ पासून कंपनीने सात इंची चक्र व काही गाड्यांत टॉर्सन प्रकारचा मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल दिला. आधीच्या काही गाड्यांतील चिकट द्रवावर चालणारा प्रकार कालांतराने परिणाम गमावतो. टॉर्सन मात्र दंतचक्रांच्या रचनेवर चालतो. हा बदल करताना प्रोपेलर शाफ्ट व अर्ध-आसही नव्या गाडीचेच घ्यावे लागतात.

येथे एक सूक्ष्म परिणाम संभवतो. वेगमापकास गिअरबॉक्सकडून गती मिळते. अंतिम गुणोत्तर ४.३ ऐवजी ४.१ झाल्यास त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट कमी फिरतो. परिणामी अचूक वेगमापकही ताशी १०० किलोमीटर प्रत्यक्ष वेग असता सुमारे ९५ दाखवितो. वेगमापकाचे दंतचक्र न बदलल्यास सुधारलेली गाडी चालकास चुकीची माहिती देत राहते.

५. मूळ स्वरूपाचा प्रश्न :

जर्मनीत ३० वर्षांवरील, मूळ स्वरूप जपलेल्या गाड्यांना ऐतिहासिक वाहनाचा विशेष क्रमांक मिळू शकतो. त्यामुळे तेथे मनमानी बदल मालकास महागात पडतो. जपानमध्ये माझदाने २०१७ मध्ये या पहिल्या पिढीसाठी पुनर्स्थापना सेवा व काही सुट्या भागांचे पुनरुत्पादन जाहीर केले. त्याच कुळातील नंतरचे भाग वापरणे व काढलेले मूळ भाग जपून ठेवणे हा दोन्ही बाजू सांभाळणारा मध्यम मार्ग होय.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून सुधारणेचा क्रम स्पष्ट होतो : प्रथम देखभाल, नंतर टायर व पॅड, त्यानंतर पुढील-मागील डिस्कचा जुळता संच, मग क्लच व डिफरन्शियल आणि सर्वांत शेवटी इंजिनाची शक्ती. व्यवहारात हा क्रम बहुधा उलटा असतो, कारण शक्ती लगेच जाणवते, तर ब्रेकची उणीव घाटाच्या शेवटच्या वळणावरच कळते. मोटार ही परस्परावलंबी भागांची रचना आहे. एक भाग बदलणारा नकळत इतर सर्व भागांकडून नवी अपेक्षा करीत असतो. ती अपेक्षा आधी मोजून पाहणे हेच सुधारणेचे खरे शास्त्र होय.