रंगाचंही माप असतं

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला टपाल आणलं, ते ‘पुस मॉथ’ जातीच्या छोट्या विमानातून. ही विमानं आज जगात मोजकीच उरली आहेत. त्याचीच प्रतिकृती मी धुळ्यात घरी घडवतो आहे, १:४८ या प्रमाणात. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटरांहून थोडे जास्त. माझ्या टेबलावर ते जेमतेम २३ सेंटिमीटर.

लाकूड कापून लहान करता येतं, मंडळी. रंगाचा थर आपोआप लहान होत नाही. प्रतिकृतीवर दशांश मिलिमीटर जाड रंग बसला, तर तो खऱ्या विमानावरच्या पाच मिलिमीटर गिलाव्यासारखा दिसतो! मूळ पंखांवर कापड होतं, रोगणानं ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलेलं. गिलाव्याखाली तो ताण कसा दिसणार?

म्हणून रंग पातळ करायचा आणि एकावर एक तीन-चार हात द्यायचे. पण आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात दुपारी पातळ रंग पसरण्याआधीच सुकतो आणि खरखरीत बसतो. त्यामुळे मी पहाटे रंगवतो, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ देतो. मग पंखावर ताणलेलं कापड जाणवू लागतं आणि विमान खेळण्यातलं वाटत नाही.