उंदीर जगला म्हणजे लस पक्की?

दोंडाईच्यात काय किंवा शिंदखेड्यात काय, कुत्रं चावल्याचा विषय निघाला की "पोटात चौदा सुया" हे ठरलेलं. अलीकडे त्यात जरा शिकल्यासवरल्यांची एक शंका मिसळली आहे. लसी आता म्हणे जनावरांवर न तपासता मशीनवरच तपासणार, मग भरवसा कसा ठेवायचा?

चौदा सुयांचं लवकर उरकू. रेबीजची ती जुनी लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूची होती. १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी ती कसौलीत तयार केली. तिने क्वचित अर्धांगवायूही व्हायचा. २००४ च्या अखेरीस भारतात तिचं उत्पादन बंद झालं. आजची लस पेशींवर वाढवतात, दंडाला देतात आणि त्वचेत घेतली तर चार फेऱ्यांत काम होतं: पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी.

दुसऱ्या शंकेत मात्र एकात एक गुंतलेले गैरसमज आहेत. लस शोधताना एकदा जनावरांवर तपासली की विषय संपला, हा त्यातला पहिला. तसं नसतं. प्रत्येक घाण्याची, म्हणजे बॅचची, ताकद नव्याने मोजावी लागते. कंपनी मोजतेच, शिवाय सरकारी प्रयोगशाळाही बघते. हे काम मुख्यतः कसौलीत चालतं. २०२१ मध्ये कोविडच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रालाही लस तपासणीची मान्यता मिळाली.

रेबीज लसीची ताकद मोजण्याची जुनी रीत अशी. उंदरांच्या गटांना लसीचे कमी-जास्त पातळ केलेले डोस आठवड्याच्या अंतराने दोनदा द्यायचे. चौदाव्या दिवशी जिवंत रेबीज विषाणू थेट त्यांच्या मेंदूत टोचायचा. पुढचे दोन आठवडे कोण जगतं, कोण मरतं ते मोजायचं आणि प्रमाणित लसीच्या आकड्यांशी ताडून बघायचं. एका तपासणीत शंभराहून जास्त उंदीर लागतात, महिना जातो. माणसासाठीच्या डोसमध्ये किमान २.५ आंतरराष्ट्रीय एकक ताकद भरली पाहिजे.

जिवावर बेतणारी परीक्षा म्हणजे खरी परीक्षा, असं आपल्याला वाटतं. पण नीट बघा. कुत्रं माणसाच्या पायाला चावतं, मेंदूला नाही. आणि माणूस लस बहुधा चावल्यानंतर घेतो, उंदराला ती आधी मिळालेली असते. म्हणजे ही परीक्षा प्रत्यक्ष आजाराची नक्कल नाहीच. त्यात उंदीर उंदरासारखा नसतो. उत्तर इतकं हलतं की काढलेल्या आकड्याच्या २५ ते ४०० टक्के एवढी अनिश्चितता नियमांनीच चालवून घेतली आहे. किराणा दुकानात असा काटा कोणी ठेवू देणार नाही.

'मशीन' म्हणतात ती एलायझा चाचणी. रेबीज विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, ग्लायकोप्रोटीन. आपलं शरीर प्रतिकार उभा करतं तो मुख्यतः त्याच्याविरुद्ध. प्लॅस्टिकच्या थाळीतल्या ९६ खळग्यांच्या तळाशी या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. वर लस टाकायची, मग रंग देणारं दुसरं प्रतिपिंड. रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. नेमकी प्रतिपिंडं निवडली तर ती फक्त शाबूत घडीचं प्रथिन धरतात. उष्णतेने बिघडलेलं निसटतं आणि रंग फिका पडतो. हे सगळं एक-दोन दिवसांत होतं.

म्हणून ही चाचणी पळवाट नाही. पण सरसकट वापरताही येत नाही. कंपनीगणिक विषाणूचा वाण वेगळा, त्यामुळे निवडलेलं प्रतिपिंड त्या वाणाला ओळखतं का, मुद्दाम बिघडवलेली लस पकडतं का, हे प्रत्येक लसीसाठी सिद्ध करावं लागतं. आणि एक गोष्ट प्राणिमित्रांनाही सांगायला हवी: अशी अनेक प्रतिपिंडं मुळात उंदराच्याच पेशींपासून तयार झालेली आहेत. उंदीर कमी लागतात, पूर्ण सुटत नाहीत.

गोवराची लस तर पूर्वीपासूनच पेशींवर मोजतात. डोसमध्ये जिवंत विषाणूची किमान १,००० एककं लागतात. टोचायच्या पोलिओ लसीतही एलायझाच चालते. उलट डांग्या खोकल्याच्या जुन्या पद्धतीच्या लसीसाठी उंदराच्या मेंदूत जंतू टोचण्याची रीत अजून आहे. भारतात प्राण्यांवरच्या चाचण्यांना सरसकट बंदी आहे, हेही खरं नाही. २०१४ ची बंदी सौंदर्यप्रसाधनांपुरती होती. २०२३ च्या दुरुस्तीने नव्या औषधांसाठी प्राण्यांशिवायच्या पद्धतींना वाट करून दिली, इतकंच.

चाचणी कोणतीही असो, ती कारखान्यातून निघणाऱ्या लसीची असते. पुढे खानदेशातल्या मे महिन्यात कुपी २ ते ८ अंशांत राहिली का, फोडल्यावर आठ तासांत वापरली का, हे ना उंदीर सांगतो ना थाळी. आणि जखमेवर मिरचीपूड किंवा चुना भरून आलेल्या माणसाला तर आधी जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावी लागते. खोल चावा असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात.