सादृश्याच्या पलीकडे

चित्रांच्या दालनात शिरलेला सामान्य प्रेक्षक ओळखीच्या विषयापाशी रेंगाळतो आणि अमूर्त चित्रासमोर येताच अडखळतो. “हे कशाचे चित्र आहे?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. उत्तर मिळाले नाही, की चित्रकार आपली थट्टा करीत आहे असे त्याला वाटते. किंवा आपल्यालाच कलेतले काही कळत नाही असे समजून तो मुकाट्याने पुढे सरकतो. वस्तुतः हा प्रश्न चित्राच्या एकाच अंगापुरता आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची अडचण बरीचशी दूर होते.

आपल्या परंपरेने चित्राची सहा अंगे मानली आहेत. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’वरील ‘जयमंगला’ या टीकेत यशोधराने ती सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यशोधरापुढे आजची अमूर्त कला अर्थातच नव्हती. तरीही सादृश्य, म्हणजे मूळ वस्तूशी असलेले साम्य, हे त्याने सहांपैकी केवळ एक अंग मानले आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे शकुंतलेचे चित्र अनेकांच्या परिचयाचे आहे. पायातील काटा काढण्याचे निमित्त करून ती मागे वळून पाहते. तैलरंगांत हुबेहूब उतरलेली वस्त्रे, कांती आणि वनराई प्रेक्षकाला चित्रात ओढून घेतात. ओळख पटण्यात एक आपुलकी असते आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा तेथील रंगीत चित्रे घरोघरी पोचली ती या आपुलकीच्याच बळावर. परंतु या चित्रात दुष्यंत कोठेच नाही. चित्र मनात घर करते ते त्या वळलेल्या मानेमुळे आणि चौकटीबाहेर जाणाऱ्या दृष्टीमुळे. हे सामर्थ्य केवळ सादृश्याचे नव्हे.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी सादृश्याचा आधार पुढे पूर्णपणे सोडला. नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले हे चित्रकार आरंभी मानवी आकृती रंगवीत असत. आपल्या नंतरच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे मात्र त्यांना रुचत नसे. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द ते पसंत करीत. एखाद्या वस्तूपासून निघून तिचे रूप पुसट करीत जाणे हा त्यांचा मार्ग नव्हता, हे त्यातून स्पष्ट होते. रोलर आणि रंगाची सुरी वापरून ते रंगाचे थर चढवीत आणि काही भाग काढूनही टाकीत. त्यामुळे एका रंगाखालून दुसरा रंग उजळल्यासारखा भासतो. पाहणाऱ्याचा डोळा सवयीने तेथेही क्षितिज, पाणी, धुके शोधू लागतो. काही वेळाने हा शोध थांबतो आणि दोन खुणांमधील अंतर, एखाद्या छटेचे वजन, प्रकाशाचा उगम यांकडे लक्ष जाते. आलाप ऐकताना गायकाचे स्वर कोणत्या वस्तूचे वर्णन करतात, असे आपण विचारीत नाही. येथेही तीच वृत्ती उपयोगी पडते.

प्रत्येक अमूर्त चित्र श्रेष्ठ असते, असा याचा अर्थ नव्हे. सादृश्याचा आधार सुटला, की सारा भार उरलेल्या अंगांवर पडतो. प्रमाण बिघडले किंवा रंग निर्जीव झाला, तर तो उणेपणा झाकण्यास कथा हाताशी नसते. म्हणून अशा चित्राविषयी “हे मला भावले नाही” असे म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला निश्चितच आहे. मात्र त्याने तो चित्र पाहिल्यानंतर वापरावा.

अमूर्त चित्रासमोर असा वेळ घालवून शकुंतलेकडे पुन्हा वळावे. कथा तीच असते. परंतु वळलेल्या देहाची रेषा आणि रंगांची परस्परांशी जुळणी, जी कथेच्या ओढीत पूर्वी नजरेतून निसटली होती, ती आता दिसू लागते.