घरगुती चित्रफीत-संपादनासाठी संगणक : साठवणसाधनांची व इतर भागांची निवड

प्राथमिक शाळांतील अध्यापकांच्या हाती अलीकडे एक नवे साधन आले आहे. मोबाइलवर पाठाचे चित्रण करावे, त्यातील अनावश्यक भाग काढावा, आवश्यक तेथे अक्षरे व आवाज जोडावा आणि ती चित्रफीत विद्यार्थ्यांना दाखवावी, ही गोष्ट आता खेड्यातील शिक्षकासही अवघड राहिलेली नाही. मार्च २०२० पासून महामारीमुळे शाळा बंद राहिल्या, त्या काळात अनेक अध्यापकांनी असे पाठ प्रथमच तयार केले. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी हा उपक्रम थांबला नाही, व तो थांबू नये.

या कामासाठी घरी कोणता संगणक घ्यावा, असा प्रश्न शाळाभेटीच्या वेळी वारंवार विचारला जातो. बहुधा हा खर्च शिक्षक स्वतःच्या पगारातून करीत असतात. दुकानदार सांगेल ते महागडे साहित्य घेतले जाते आणि ज्या गोष्टीवर प्रथम खर्च व्हावयास हवा ती राहून जाते. यास्तव या विषयाची मूलतत्त्वे येथे क्रमाने मांडली आहेत.

१. संगणकास कोणते काम करावे लागते?

चित्रफीत म्हणजे एका सेकंदात २५ किंवा ३० स्थिरचित्रांची मालिका होय. परंतु मोबाइल प्रत्येक चित्र पूर्णपणे साठवीत नाही. तो एक चित्र पूर्ण साठवितो व पुढील काही चित्रांत जेवढा बदल झाला असेल तेवढाच टिपून ठेवतो. फळ्यासमोर शिक्षक उभे असता फळा बदलत नाही, हात तेवढा हलतो. म्हणून हाताचीच नोंद होते. एच.२६४ (२००३) व एच.२६५ (२०१३) या दोन्ही पद्धती याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे फाइल लहान होते हे खरे, पण मधले एखादे चित्र दाखवावयाचे झाल्यास संगणकास मागील पूर्ण चित्रापासून सर्व बदल पुन्हा जुळवीत यावे लागते.

चित्रफीत केवळ पाहावयाची असेल तर हे काम सरळ क्रमाने होते. संपादन करताना मात्र आपण क्षणात पुढे, क्षणात मागे जातो व दोन-तीन चित्रफिती एकावर एक ठेवतो. म्हणजेच खरा भार प्रथम पडतो तो जुळवाजुळव करणाऱ्या प्रोसेसरवर. साठवणसाधनावर तो त्यामानाने कमी असतो. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर खर्चातील बरीच चूक टळते.

२. प्रथम हिशेब करावा

आठ बिट मिळून एक बाइट होतो, हे गणित येथे उपयोगी पडते. फुल एचडी चित्रण सेकंदास सुमारे १६ मेगाबिट या दराने होत असेल, तर ते सेकंदास २ मेगाबाइट झाले. मिनिटास १२० मेगाबाइट व तासास ७.२ गिगाबाइट जागा त्यास लागेल. फोर-के चित्रण सेकंदास ४८ मेगाबिट या दराने झाले, तर सेकंदास ६ मेगाबाइट, म्हणजे तासास २१.६ गिगाबाइट जागा लागेल.

आता समजा, एका शिक्षकाने वर्षातील ४० आठवड्यांत दर आठवड्यास एक तास चित्रण केले. फुल एचडीत ते २८८ गिगाबाइट भरेल व फोर-केमध्ये ८६४ गिगाबाइट. वर्गातील छोट्या पडद्यावर किंवा मोबाइलवर दाखवावयाच्या पाठास फुल एचडी पुरेसे असते. सबब, कोणत्या प्रतीचे चित्रण हवे हे ठरविल्यावाचून साठवणसाधन विकत घेऊ नये. आपल्या मोबाइलचा दर काय आहे हे पाहण्यासाठी एक मिनिटाचे चित्रण करून फाइलचा आकार पाहावा. त्यास ६० ने गुणले की तासाचा हिशेब मिळतो.

३. साठवणसाधनांचे प्रकार

(अ) हार्ड डिस्क : आत फिरत्या चकत्या असतात आणि त्यांवरून वाचणारे टोक सरकते. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या व सुमारे ५० लाख अक्षरे मावत. वरील हिशेबाने आजच्या फुल एचडी चित्रणाची दोन सेकंदेही तीत मावली नसती! आजची हार्ड डिस्क तळहाताएवढी असून तीत कित्येक टेराबाइट मावतात. घरगुती डिस्कच्या चकत्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. सलग वाचन सेकंदास साधारण १५० ते २५० मेगाबाइट होते. मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी टोक सरकण्यास वेळ लागतो. म्हणून पुढे-मागे जाताना ती अडखळते. दर गिगाबाइटामागे ती सर्वांत स्वस्त पडते.

(आ) साटा एसएसडी : हिच्यात फिरणारा भाग नाही. माहिती विद्युत्भाराच्या रूपाने लहान कोशांत साठविलेली असते. वेग सेकंदास सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत असतो, आणि टोक सरकण्याची प्रतीक्षा नसल्याने पुढे-मागे जाणे सुलभ होते. जुन्या संगणकातही ही बसते.

(इ) एनव्हीएमई एसएसडी : ही मदरबोर्डवरील एम.२ खाचेत बसणारी लहान पट्टी होय. तिसऱ्या पिढीच्या पट्टीचा वेग सेकंदास सुमारे ३५०० मेगाबाइट, चौथ्या पिढीचा सुमारे ७००० व पाचव्या पिढीचा १०,००० च्या पुढे असतो.

हे आकडे पाहून पाचव्या पिढीची पट्टी घेण्याचा मोह होतो. परंतु आपला हिशेब आठवावा. फोर-के चित्रणास सेकंदाला ६ मेगाबाइट लागतात. अशा तीन चित्रफिती एकदम चालविल्या तरी १८. साटा एसएसडीदेखील त्याच्या कितीतरी पट अधिक पुरविते. हौदाचा नळ दुप्पट मोठा केला म्हणून एका तांब्याने पाणी पिणाऱ्याची तहान लवकर भागत नाही, तसाच हा प्रकार आहे. हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे येण्याने जो फरक पडतो तो मोठा. एका एसएसडीकडून अधिक वेगवान एसएसडीकडे जाण्याने या कामात पडणारा फरक अल्प असतो.

४. कामाची जागा व कोठार

शिक्षकाच्या टेबलावर आजच्या तासाचे साहित्य असते व उरलेले कपाटात. संगणकातही अशीच विभागणी करावी. कार्यप्रणाली, संपादनाची आज्ञावली आणि चालू काम एसएसडीवर ठेवावे. त्यासाठी १ टेराबाइट पुरेसे आहे. पूर्ण झालेले काम व मूळ चित्रण हार्ड डिस्कवर न्यावे. त्यासाठी ४ टेराबाइट घेतल्यास अनेक वर्षे चिंता राहत नाही.

एसएसडी हे दीर्घकाळ कपाटात ठेवण्याचे साधन नव्हे. वीज न मिळता ती फार काळ पडून राहिल्यास, विशेषतः पुष्कळ वापरलेली व उष्ण जागी ठेवलेली असल्यास, कोशांतील विद्युत्भार ओसरून माहिती नष्ट होण्याचा संभव असतो. जतनासाठी हार्ड डिस्कच अधिक योग्य.

५. खरेदीच्या वेळी घ्यावयाची काळजी

(१) एम.२ खाचेत बसणारी प्रत्येक पट्टी एनव्हीएमई असतेच असे नाही. काही साटा पद्धतीच्याही असतात. मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहूनच खरेदी करावी.

(२) एसएसडीच्या एका कोशात तीन बिट साठविले असल्यास तिला टीएलसी व चार असल्यास क्यूएलसी म्हणतात. क्यूएलसी स्वस्त असते. पण मोठी फाइल सलग लिहिताना तिची राखीव जलद जागा संपली की वेग एकदम घसरतो, प्रसंगी हार्ड डिस्कच्याही खाली. संपादनासाठी टीएलसी घ्यावी.

(३) काही हार्ड डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या असतात. या पद्धतीस एसएमआर म्हणतात. अशा डिस्कवर पुनःपुन्हा लिहिणे फार संथ होते. सीएमआर पद्धतीची डिस्क मागून घ्यावी. काही उत्पादकांनी ही गोष्ट वेष्टनावर स्पष्ट न लिहिल्याचे २०२० साली उघडकीस आले होते, म्हणून विचारण्यात संकोच नसावा.

(४) १ टेराबाइटची डिस्क जोडल्यावर विंडोज प्रणालीत ९३१ गिगाबाइट दिसतात. ही फसवणूक नव्हे. उत्पादक १००० च्या पटीने मोजतात व विंडोज १०२४ च्या पटीने.

(५) अतिशय स्वल्प किमतीत '१६ टेराबाइट' असे लिहिलेल्या छोट्या डिस्क विकावयास येतात, ती मात्र फसवणूक असते. अशी डिस्क मोठा आकडा दाखविते, पण खरी जागा भरली की नवी माहिती जुनीवर लिहू लागते. पावती व हमी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि नवी डिस्क एकदा पूर्ण भरून, फाइली उघडून तपासावी.

६. इतर भाग

प्रोसेसर : एच.२६४ व एच.२६५ चित्रफिती उलगडण्याची खास सोय ज्यात अंगभूत आहे असा प्रोसेसर निवडावा. इंटेलने ही सोय 'क्विक सिंक' या नावाने २०११ साली आणली. इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते व ही सोयही मिळत नाही. थोडी किंमत वाचविण्यासाठी तो घेऊ नये.

रॅम : हे कामाचे टेबल समजावे. १६ गिगाबाइट किमान, फोर-के काम नित्य असेल तर ३२. एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा समान अशा दोन घ्याव्यात. दोन्ही मार्गांनी देवाणघेवाण होऊन वेग वाढतो.

ग्राफिक्स कार्ड : कापणे, जोडणे व अक्षरे घालणे एवढेच काम असल्यास वेगळ्या कार्डावाचून भागते. रंगसुधारणा किंवा दाविंची रिझॉल्व्ह यासारखी आज्ञावली वापरावयाची असेल तर मध्यम प्रतीचे कार्ड लागते. केडेनलाइव्ह व शॉटकट या मोफत आज्ञावली साध्या संगणकावरही चालतात.

वीजपुरवठा : येथे काटकसर करू नये. नामांकित उत्पादकाचा पॉवर सप्लाय, यूपीएस आणि भिंतीतील अर्थिंग या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. हार्ड डिस्क लिहीत असता वीज गेली तर ती फाइल व कधी पूर्ण डिस्क बिघडते. यूपीएसने काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यापुरती पाच मिनिटे मिळाली तरी पुरे.

जुना संगणक असल्यास : ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा बंद झाली आहे, हे ध्यानात घ्यावे, लिनक्स प्रणाली हा बिनखर्चाचा पर्याय आहे. हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी बसविल्यास जुन्या संगणकास नवा जोम येतो. मोठ्या फाइली झेपत नसतील तर आज्ञावलीतील 'प्रॉक्सी' सोय वापरावी. तीत मूळ फाइलची हलकी प्रत करून तिच्यावर संपादन होते व अंतिम चित्रफीत मूळ फाइलवरून तयार होते.

७. दुसरी प्रत

हा भाग शेवटी आला असला तरी महत्त्वाने पहिला आहे. एका शिक्षकांनी गावातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या दोन वर्षे खपून चित्रित केल्या होत्या. सर्व चित्रण एकाच पोर्टेबल डिस्कवर होते. ती टेबलावरून पडली. डिस्क दुसरी मिळाली; पण ज्या आजीबाईंनी ओव्या म्हटल्या होत्या त्यांतील दोघी तोवर निवर्तल्या होत्या. पाठ पुन्हा चित्रित करता येतो, माणूस पुन्हा चित्रित करता येत नाही.

यासाठी तीन-दोन-एक हा नियम सर्वमान्य आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो प्रसृत केला. मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात व एक प्रत घराबाहेर असावी. घरची एसएसडी, एक हार्ड डिस्क व शाळेच्या कपाटात ठेवलेली दुसरी हार्ड डिस्क एवढ्याने हा नियम पाळला जातो. दोन डिस्क जोडून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवण्याची रेड नावाची योजना म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल तेथे दोन्हींवरून एकाच वेळी पुसली जाते. दर शनिवारी शाळा सुटल्यावर नवे चित्रण दुसऱ्या डिस्कवर उतरविण्याचा नेम ठेवावा आणि वर्षातून दोनदा त्यातील काही फाइली उघडून पाहाव्यात.

सारांश, खर्चाचा क्रम असा असावा : प्रथम योग्य प्रोसेसर व पुरेशी रॅम, नंतर १ टेराबाइटची मध्यम वेगाची एसएसडी, त्यानंतर चांगला पॉवर सप्लाय व यूपीएस, आणि मग एक नव्हे तर दोन हार्ड डिस्क. सर्वांत वेगवान एसएसडीसाठी जे अधिक पैसे द्यावे लागतील, तेच दुसऱ्या हार्ड डिस्कसाठी राखून ठेवावेत. यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे ती आपल्या कोणत्या कामास येणार, हे लिहावे. ज्या वस्तूपुढे उत्तर लिहिता येणार नाही ती यादीतून वगळावी.