गोल्डन ग्लोव्ह्ज : ‘हौशी’ या संज्ञेचा इतिहास

अमेरिकेतील ‘गोल्डन ग्लोव्ह्ज’ ही हौशी मुष्टियुद्ध स्पर्धा वृत्तपत्रसृष्टीचे अपत्य होय. ‘शिकागो ट्रिब्यून’ने १९२३ मध्ये शिकागो येथे ती प्रथम भरविली, तेव्हा इलिनॉय राज्यात मुष्टियुद्धास कायद्याची मान्यता नव्हती, ती १९२६ मध्ये मिळाली. १९२७ मध्ये ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’चे क्रीडा-संपादक पॉल गॅलिको यांनी न्यूयॉर्कमध्ये अशीच स्पर्धा सुरू केली आणि १९२८ पासून उभय शहरांचे विजेते परस्परांशी लढू लागले.

वृत्तपत्रांना वाचक हवे होते. स्पर्धेचे महत्त्व मात्र त्याहून व्यापक ठरले. बेसबॉलच्या प्रमुख साखळीची दारे १९४७ पर्यंत कृष्णवर्णीयांना बंद होती. उलट १९३४ मध्ये शिकागोच्या या स्पर्धेत डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे जो लुई लाइट-हेवीवेट गटात विजयी झाले आणि त्याच वर्षी त्यांनी व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रवेश केला. पुढे महंमद अली या नावाने विख्यात झालेले कॅशस क्ले १९५९ व १९६० मध्ये येथेच विजेते ठरले. न्यूयॉर्कच्या स्पर्धेत स्त्रियांना प्रवेश मिळण्यास मात्र १९९५ साल उजाडले.

‘हौशी’ या संज्ञेत निर्वाहाची चिंता नसलेल्याचा छंद गृहीत धरलेला असतो. लुई यांच्यासारख्या श्रमिक वस्तीतील तरुणांसाठी ती हौस नव्हती. उपजीविकेकडे नेणारी ती पहिली पायरी होती.